दोनदा बारीक

बुधवारच्या बाजारात माझ्या दुकानी
खिमा कोणी मागत नाही.
इकडे हाड लागतं. नळी लागते.
तर्रीत बुडवून, ताटावर आपटून
गुदा ओढून खाणारी माणसं आमची.
खिमा म्हणजे त्यांना वाटतं
कोणीतरी आधीच चावून ठेवलंय.

म्हणून फागो रामटेकेची पोरगी म्हणाली,
"पाव किलो, मांडीचं. दोनदा बारीक करा, काका,"
तेव्हा सुरा थांबवून पाहिलं मी.
हीच ती उत्पला. तीन वर्षं जपानात होती,
म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला.
गावात असंच म्हणतात, आणि ती नाही म्हणत नाही.

यंत्र नाही माझ्याकडे. चिंचेचा ओंडका आहे
आणि दोन सुरे.
आधी उभं कापलं, मग आडवं,
मग दोन्ही हातांनी
दंडारीतल्या ढोलकीसारखं.
तिने चिमटीत घेऊन चोळून पाहिलं.
"अजून एकदा."
वीस वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं.
राग आला.
थोडं बरंही वाटलं.

संध्याकाळी गेलो त्यांच्या घरी.
सुटे वीस रुपये द्यायचे राहिले होते, हे निमित्त.
खरं तर पाहायचं होतं
एवढ्या बारीक मांसाचं करतात काय.

कढईत तेल नाही, कांदा नाही,
लसूण नाही, तिखट तर नाहीच.
बोटभर आलं. गूळ.
चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणलेला
सोयासॉस, औषधाच्या बाटलीत.
"तिकडे तांदळाची दारू घालतात," ती म्हणाली
आणि माझ्याकडे न बघता
मोहाची ओतली, झाकणभर.

मग बांबूच्या चार काड्या,
चारही एका मुठीत,
आणि ढवळत राहिली, ढवळतच राहिली.
जरा कुठे दोन कण एकमेकांना धरू लागले
की काड्या मध्ये.
"याला सोबोरो म्हणतात."
"सोबोरो," मी म्हटलं,
पाहुण्याचं नाव विचारून घ्यावं तसं.

निगातात एक इशिमोरी आजी होती म्हणे,
नव्वदीची, हात कापायचे,
तरी खुर्ची ओढून चुलीपाशी बसायची
आणि सांगायची, घाई केलीस तर ढेकळं होतील.
भाषा धड येत नव्हती तेव्हा उत्पलाला.
ढेकळाचा शब्द मात्र लगेच कळला.
रोवणीवाल्या बाईची पोर,
तिला काय वेळ लागणार?

वाटीत चिन्नोरचा भात, जरा ओलसर.
वर एका बाजूला खिमा,
एका बाजूला अंड्याचा पिवळा चुरा,
मधे बरबटीच्या शेंगा, सुईएवढ्या चिरलेल्या.
वाटी घेऊन ती ओट्याकडे निघाली
तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

फागोचं तोंड खऱ्याने मिटलंय.
एक बोट जातं आत, तेही आडवं.
दोन वर्षं पेजेवर आहे.
दुकानासमोरून जाताना मान फिरवायचा,
मला वाटायचं, मागच्या पोळ्याचे
दीडशे बाकी आहेत म्हणून.

चहाचा चमचा, सपाट धरलेला.
पहिला घास बराच वेळ आतच राहिला.
जबडा हलला नाही,
जिभेनंच दाबलं असेल टाळूला.
आम्ही दोघं कढईकडे बघत राहिलो.
"गोड हाय," तो दातांमागून म्हणाला.
मग, "तिखट काहून नाही टाकलं?"
"तोंड भाजते तुमचं, बाबा."
"भाजू दे नं."
आणि वाटी पुढे केली.

वीस रुपये द्यायचे विसरलोच.
नहराच्या पुलावर उभा राहिलो अंधारात.
खिशात खऱ्याची पुडी होती, सकाळची, अर्धी.
तीन बोटं एकावर एक धरून
तोंडात घालून पाहिली.
दोन गेली.
तिसरं अडलं.
बोटांना मटणाचा वास होता,
त्यामुळे असेल.